अभियांत्रिकीचे अध्यापन कोणाला परवडते?

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना एक निवेदन सादर केले. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांची ती सविस्तर मांडणी होती आणि तिच्यातील शिक्षणविषयक भाग आजही मुळातून वाचावा असा आहे. कला व कायदा या शाखांच्या शिक्षणाने आपल्या समाजाचा फारसा लाभ होणार नाही. विज्ञान व तंत्रशास्त्र यांतील वरच्या दर्जाचे शिक्षणच त्याच्या उपयोगी पडेल. ते शिक्षण या वर्गाच्या ऐपतीपलीकडचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलावा, असा त्यांचा रोखठोक युक्तिवाद होता. स्वतः कायदा आणि अर्थशास्त्र यांत पारंगत झालेल्या पुरुषाने हे लिहावे, यात केवढी दूरदृष्टी होती! अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ साली सुरू झाली, तिच्यामागे हीच विचारसरणी होती.

त्या निवेदनाला आता आठ दशके उलटून गेली आहेत. या काळात अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारे विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने उघडली, हे मान्य केलेच पाहिजे. आयआयटींमध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना १९७३ पासून राखीव जागा मिळाल्या, इतर मागासवर्गीयांना २००८ पासून. मुलींचे प्रमाण फारच अल्प राहते असे दिसल्यावर २०१८ पासून त्यांच्यासाठी अधिसंख्य जागा निर्माण करण्यात आल्या. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखून ठेवल्या जातात. बाकांवर बसणारे चेहरे बदलले. परंतु फळ्यापाशी खडू घेऊन उभे राहणारे कोण आहेत, हा प्रश्न विचारला की उत्तर देणाऱ्यांचा आवाज खाली येतो.

२०१९ च्या सुमारास संसदेपुढे आलेल्या आकडेवारीनुसार देशातील २३ आयआयटींमध्ये सहा हजारांवर अध्यापक होते. त्यांत अनुसूचित जातींचे १४९ आणि अनुसूचित जमातींचे २१. दोन्ही मिळून शेकडा तीनसुद्धा भरत नाहीत. तेवीस संस्थांना एकवीस आदिवासी अध्यापक, म्हणजे प्रत्येक संस्थेच्या वाट्याला एक पुरा अध्यापकही येत नाही.

या आकड्यांवर ठरावीक उत्तर असे दिले जाते की, पात्र उमेदवारच मिळत नाहीत. पीएच.डी. झालेले उमेदवार मुळातच थोडे, तेव्हा अध्यापक कोठून आणावयाचे? आयआयटी दिल्लीचे तत्कालीन संचालक व्ही. रामगोपाल राव यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२० साली हेच कारण पुढे करून आयआयटींना अध्यापक-भरतीतील आरक्षणातून वगळावे, अशी शिफारस केली होती. ती शिफारस कायद्यात उतरली नाही, हे योग्यच झाले. तथापि कारण तपासून पाहण्याजोगे आहे. २०१५ ते २०१९ या काळात आयआयटींमध्ये पीएच.डी.साठी जे प्रवेश झाले, त्यांत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे ९ टक्के आणि जमातींचा सुमारे २ टक्के होता. हे प्रमाण अपुरे आहे यात शंका नाही; कारण १५ आणि साडेसात हे विहित प्रमाण होय. परंतु संशोधक विद्यार्थ्यांत ९ टक्के आणि अध्यापकांत अडीच टक्के, यांतील अंतराचा खुलासा केवळ ‘उमेदवार नाहीत’ एवढ्याने होत नाही. यावर कोणी म्हणेल की, एक आकडा ओघाचा आहे आणि दुसरा साठ्याचा. आज प्रवेश घेणारा दहा वर्षांनी अध्यापक होईल, तेव्हा साठाही बदलेल. हा आक्षेप रास्त आहे. मात्र साठा आपोआप बदलत नसतो. ओघातले पाणी मध्येच कोठे मुरते, हे पाहावे लागते.

ते मुरते दोन ठिकाणी: एक घरात, दुसरे भरतीच्या कागदात. आधी घराचा हिशेब पाहू.

आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक ‘वैकल्पिक खर्च’ नावाची एक संकल्पना वर्गात शिकवतो. एखादी वस्तू मिळविण्यासाठी आपण ज्या दुसऱ्या वस्तूवर पाणी सोडतो, ती वस्तू म्हणजे पहिलीची खरी किंमत. परीक्षेपुरती ही व्याख्या पाठ करणारा विद्यार्थी घरी गेल्यावर ती अक्षरशः जगत असतो. समजा, एका जिल्हा कचेरीतील लिपिकाची मुलगी किंवा मुलगा बाविसाव्या वर्षी अभियंता झाला. पदवी हाती पडताच त्याला महिना ३५ हजारांची साधारण नोकरी मिळण्याजोगी आहे. त्याने नोकरी न धरता एम.टेक.ला प्रवेश घेतला, तर त्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. फरक दरमहा २२,६०० रुपयांचा. दोन वर्षांत तो पाच लाख बेचाळीस हजारांवर जातो. पुढे पीएच.डी.साठी कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. ही रक्कम लहान नाही आणि येथे फरक मिटला असे वरवर पाहता वाटेल. परंतु नोकरीत शिरलेला त्याचा सोबती एव्हाना दोन पगारवाढी घेऊन पुढे गेलेला असतो आणि अंतर वर्षागणिक रुंदावत जाते. शिवाय पाठ्यवृत्ती दरमहा वेळेवर हाती पडतेच असे नाही. तीन-तीन, चार-चार महिने ती थकल्याच्या तक्रारी संशोधक विद्यार्थ्यांकडून नित्य ऐकू येतात. मुंबईच्या आझाद मैदानावर २०२३ साली महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे संशोधक विद्यार्थी पाठ्यवृत्तीच्या मागणीसाठी कित्येक आठवडे धरणे धरून बसले होते. प्रयोगशाळेत बसावयाचे ते मैदानात बसले होते, एवढेच येथे नमूद करतो.

हिशेब अजून पुरा झालेला नाही. पीएच.डी. पाच वर्षांत आटोपली असे धरले, तरी उमेदवार एकोणतिशीला आला. आयआयटीसारख्या संस्थेत कायम स्वरूपाच्या साहाय्यक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी.नंतर तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे वय झाले बत्तीस. आता त्याच्या वडिलांकडे पाहा. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतून लिपिक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. मूल त्यांच्या वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी झाले असेल, तर मुलाच्या तिसाव्या वर्षी घरातला पगार थांबतो. मुलाची कायम नोकरी मात्र अद्याप दोन वर्षे दूर आहे. मधल्या काळात धाकट्या बहिणीचे शिक्षण, घराच्या कर्जाचे हप्ते, आणि पदवीसाठी काढलेले शैक्षणिक कर्ज असल्यास त्याची परतफेड, हे सारे उभे असते. ज्या घरात दोन पिढ्यांची बचत आहे, एखादा भूखंड आहे, काकाचा पुण्यात फ्लॅट आहे, त्या घराला ही दोन वर्षे जाणवतसुद्धा नाहीत. ज्या घरात पहिलाच पदवीधर झाला आहे, तेथे ती दोन वर्षे सगळ्या योजनेचा कणा मोडतात. बुद्धी दोन्ही घरांत सारखीच असू शकते. वाट पाहण्याची ऐपत सारखी नसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण खुद्द बाबासाहेबांच्या चरित्रातच आहे. १९१७ साली लंडनमध्ये त्यांचा अभ्यास चालू असताना बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना अर्ध्यावर परतावे लागले. १९१८ ते १९२० या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे अध्यापन केले, पैसा साठवला, मित्रांकडून व शाहू महाराजांकडून साहाय्य घेतले आणि मग ते पुन्हा लंडनला गेले. डी.एस्‌सी. मिळावयास १९२३ उजाडले. त्याच सिडनहॅममध्ये अध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पाण्याच्या भांड्याची गोष्ट आपण सभांतून सांगतो; शिष्यवृत्ती संपल्याची गोष्ट सहसा सांगत नाही. बाबासाहेबांसारखा असामान्य पुरुष तीन वर्षांचा खंड भरून काढू शकला. धोरणे मात्र असामान्यांना डोळ्यांपुढे ठेवून आखावयाची नसतात.

स्त्रियांच्या बाबतीत या हिशेबात आणखी एक रकाना वाढतो. राजेश्वरी चटर्जी यांचे नाव अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही फारसे ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. १९२२ साली जन्मलेल्या या बाई बंगळूरला गणितात एम.एस्‌सी. झाल्या, भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाल्या, सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९५३ साली तेथून विद्युत अभियांत्रिकीत पीएच.डी. घेऊन परतल्या. त्याच वर्षी विज्ञान संस्थेत त्यांना अध्यापकाचे पद मिळाले. सूक्ष्मतरंग आणि अँटेना या विषयांत त्यांनी वीस विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी मार्गदर्शन केले आणि विभागप्रमुखपदही भूषविले. त्यांच्या वाटचालीतला एक तपशील मुद्दाम ध्यानात घ्यावा: शिष्यवृत्ती, पदवी आणि नोकरी यांच्यामध्ये मोकळे वर्ष पडले नाही. त्यांच्या आजी म्हैसूर संस्थानातल्या पहिल्या काही पदवीधर स्त्रियांपैकी एक होत्या, हाही तपशील तितकाच महत्त्वाचा. घरात शिक्षणाची एक पिढी आधीच होऊन गेली होती.

आजच्या मुलीचे संशोधनाचे वय आणि घरच्यांच्या मते तिच्या लग्नाचे वय ही तंतोतंत एकच असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत स्त्री-संशोधकांना पीएच.डी. पूर्ण करण्यासाठी दोन वर्षांची जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंतची प्रसूती व बालसंगोपन रजा दिली. ही सवलत स्वागतार्ह होय. परंतु पाठ्यवृत्तीची एकूण मुदत पाच वर्षांचीच राहिली. म्हणजे सहाव्या आणि सातव्या वर्षी प्रबंध लिहिण्याची मुभा आहे, पण तो नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या पैशावर लिहावयाचा आहे. मुदत वाढविणाऱ्याने पैसा का वाढवू नये, हे कोडे सुटत नाही.

येथे कोणी म्हणेल, आमच्या शहरातल्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात तर निम्म्या अध्यापिकाच दिसतात. संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्स विभागात तसे चित्र नजरेस पडते खरे. १९९१ मध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने पुण्यात मुलींसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, तेव्हापासून पदवीधर मुलींची संख्या वाढत गेली, ही मोठीच जमेची बाजू आहे. तरी त्या अध्यापिकांच्या नेमणुकीची पत्रे पाहावीत. बहुतेकांची नेमणूक अकरा महिन्यांची किंवा तासिका तत्त्वावरची असते. वेतनश्रेणी कागदावर एक आणि बँकेत जमा होणारी रक्कम दुसरी. महाराष्ट्र शासनाने १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या निर्णयाने जागा वाढल्या आणि तालुक्याच्या गावात अभियंते निपजू लागले. परंतु अध्यापकाचा पगार विद्यार्थ्याच्या शुल्कातून निघू लागला आणि प्रवेश घटले की पहिली कात्री त्याच पगाराला लागू लागली. पुरुष उद्योगाकडे वळले. ‘बाईमाणसाला सोयीची नोकरी’ म्हणून ती पदे स्त्रियांकडे आली. जेथे पगार तुटपुंजा तेथे स्त्रिया पुष्कळ आणि जेथे पद कायम व मानाचे तेथे त्या विरळ, हे चित्र प्रगतीचे मानावयास प्रस्तुत लेखक तयार नाही.

आता भरतीच्या कागदाकडे वळू. हा भाग रुक्ष आहे, पण खरी गोम येथेच आहे.

राखीव पदांचा क्रम ठरविणाऱ्या तक्त्याला सरकारी भाषेत बिंदुनामावली म्हणतात. केंद्रीय नियमांप्रमाणे अनुसूचित जातींचे प्रमाण १५ टक्के. एका पदाचे १५ टक्के म्हणजे ०.१५. ही बेरीज करीत गेले की सातव्या पदाला ती प्रथम एकच्या पुढे जाते. म्हणून सातवे पद अनुसूचित जातीला. जमातींच्या साडेसात टक्क्यांची बेरीज चौदाव्या पदाला एक ओलांडते; म्हणून चौदावे पद जमातीला. इतर मागासवर्गीयांच्या २७ टक्क्यांना चौथे पद मिळते. गणित निर्दोष आहे. प्रश्न एवढाच की, पदे मोजावयाची कोठे? संस्थेत की विभागात? एका संस्थेत वीस विभाग आहेत आणि प्रत्येकात सहा पदे आहेत, असे समजा. एकूण पदे १२०. संस्था हा घटक धरला, तर अनुसूचित जातींना १८ आणि जमातींना ९ पदे मिळतात. विभाग हा घटक धरला, तर प्रत्येक विभागाची मोजणी सहाव्या पदापाशी थांबते आणि दोघांनाही शून्य मिळते. टक्केवारी तीच, कायदा तोच, घटनाही तीच. कोणी निवृत्त झाल्यावर तक्ता पुढे सरकेल हे खरे, परंतु अध्यापकाची सेवा तीस-पस्तीस वर्षांची असते.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये विभाग हाच घटक धरावा असा निर्णय दिला. मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे परिपत्रक काढले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. देशभर असंतोष उसळला, मार्चमध्ये वटहुकूम निघाला आणि पाठोपाठ केंद्रीय शिक्षणसंस्थांमधील अध्यापक संवर्गाच्या आरक्षणाचा २०१९ चा कायदा झाला. संस्था हाच घटक, असे त्यात निःसंदिग्ध लिहिले आहे. आयआयटींच्या बाबतीत तर २००८ च्या आदेशाने तांत्रिक विषयांतले आरक्षण साहाय्यक प्राध्यापकाच्या पायरीवरच थांबविले होते. नव्या कायद्याने ते सरळ भरतीच्या सर्व पायऱ्यांना लागू झाले. पण कायद्याने पद राखून ठेवता येते, माणूस नेमता येत नाही. निवड समितीने ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारला की पद रिकामे राहते आणि अनुशेषाच्या रकान्यात जाऊन बसते. शेरा मारताना कारण लिहिण्याचे बंधन समितीवर नसेल, तर उमेदवाराला स्वतःची उणीव कळत नाही आणि समितीला स्वतःची कळण्याची गरज भासत नाही.

मग करावयाचे काय? अभियांत्रिकी महाविद्यालयांतून अलीकडे ‘संशोधनाकडे वळा’ या विषयावर व्याख्यानांचा सुकाळ झाला आहे. व्याख्यानाने कोणाचे नुकसान होत नाही. परंतु ज्याच्या अडचणीचा आकडा दरमहा २२,६०० रुपये आहे, त्याला प्रेरणेची पुडी देऊन भागत नाही. सुदैवाने यावरचा एक उपाय आपल्याच देशात पन्नास वर्षांहून अधिक काळ पारखला गेलेला आहे. १९७० साली सुरू झालेल्या गुणवत्ता सुधार कार्यक्रमाखाली अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापकाला आयआयटीत किंवा विज्ञान संस्थेत एम.टेक. वा पीएच.डी.साठी पाठविले जाते. त्याची नोकरी शाबूत राहते, पगार चालू राहतो आणि पदवी घेऊन तो आपल्या महाविद्यालयात परततो. जोखीम माणसाच्या डोक्यावरून संस्थेच्या डोक्यावर जाते, हे या योजनेचे मर्म आहे. तिला एक मर्यादा आहे: ज्याला आधीच कायम नोकरी आहे, त्यालाच तिचा लाभ. तेव्हा क्रम उलटा करावा. पदवीत उत्तम गुण मिळविलेल्या मागासवर्गीय आणि आदिवासी उमेदवारांना तसेच मुलींना बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीच शासकीय महाविद्यालयाच्या रिक्त पदावर अध्यापक-उमेदवार म्हणून नेमावे, पगार सुरू करावा आणि मग एम.टेक. व पीएच.डी.साठी पाठवावे. बदल्यात ठरावीक वर्षांच्या सेवेचा करार लिहून घ्यावा. सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांकडून असाच करार घेतला होता. त्यात वावगे काही नाही. राव समितीनेही राखीव प्रवर्गांतील उमेदवारांसाठी दोन वर्षांच्या संशोधन-साहाय्यकपदाची सूचना केली होती. तिच्यातला पगारी तयारीचा भाग घ्यावा, आरक्षणातून सुटकेचा भाग सोडून द्यावा.

मात्र पगार कायम पदाशी जोडलेला हवा, मुदतीच्या प्रकल्पाशी नव्हे. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या एका केंद्रीय प्रकल्पात २०१७ नंतर आयआयटी-एनआयटीतून उच्च पदव्या घेतलेले सुमारे दीड हजार तरुण मागास भागांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत अध्यापक म्हणून पाठविण्यात आले. कल्पना उत्कृष्ट होती, तरुणांनी कामही केले. २०२१ मध्ये प्रकल्पाची मुदत संपली आणि त्यांच्या नेमणुकाही संपल्या. राज्यांनी त्यांना सामावून घ्यावे, ही अपेक्षा बव्हंशी कागदावरच राहिली. अशी बातमी गावोगाव पोहोचते. एका आदिवासी आश्रमशाळेतल्या शिक्षकाने आपल्या हुशार विद्यार्थिनीला अध्यापनाकडे जा असे सांगावे, तर तिने कोणाकडे बोट दाखवून विचारावे?

पैशाच्या उपायांना विधिमंडळाची मंजुरी लागेल, वित्त खाते हरकत घेईल, वर्ष-दोन वर्षे जातील, हे गृहीत धरू. एका उपायाला मात्र छदामही लागत नाही. प्रत्येक शासकीय व अनुदानित अभियांत्रिकी संस्थेने जाहिरात काढण्यापूर्वी आपली संपूर्ण बिंदुनामावली सूचनाफलकावर लावावी: एकूण पदे किती, कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा, त्यावर आज कोण आहे, कोणते पद किती वर्षांपासून रिकामे आहे, आणि ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ हा शेरा त्यावर आजवर किती वेळा व कोणत्या कारणाने मारला गेला. ही माहिती प्रत्येक कुलसचिवाच्या कार्यालयात आज फायलीत आहेच. ती फलकावर उतरविण्याचे काम दोन लिपिकांचे, आठवडाभराचे आहे.